वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतर तेलाचा व्हॉल्व्ह अडकला, बदलू की उघडू?

प्रश्न : माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम 540 जीप आहे, प्युजो इंजिनवाली. तिला दोन टाक्यांचं सेटिंग करून घेतलंय, एका टाकीत डिझेल आणि दुसऱ्या गरम होणाऱ्या टाकीत गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमधून, म्हणजे हंगामी हॉटेलांतून मिळणारं वापरलेलं तेल, गाळून. तेल बहुतेक पामोलीन आणि सूर्यफूल मिक्स असतं. फीडला (इंजिनकडे जाणाऱ्या पाइपला) एक आणि रिटर्नला (परत टाकीत येणाऱ्या पाइपला) एक असे दोन सोलेनॉइड, म्हणजे करंटवर फिरणारे व्हॉल्व्ह आहेत. मेपर्यंत गाडी मस्त चालली. मग शॅक बंद, तेल बंद, आणि पावसाळाभर गाडी अंगणातच उभी होती. आता ऑक्टोबरात परत तेल मिळायला लागलं तर स्विच मारल्यावर कधी तेलावर जाते, कधी जातच नाही, आणि गेली तर परत डिझेलवर यायला कुरकुर करते, सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर आणि खूप सेल्फ मारावा लागतो. अजून एक गोष्ट कळत नाही ती म्हणजे तेलावर चालवली की डिझेलचा काटा खाली यायचा सोडून वर चढतो. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही व्हॉल्व्ह गेले, नवीन टाका. टाकू का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : लगेच नवीन टाकू नका. आणि हे निस्तरेपर्यंत गाडी तेलावर अजिबात चालवू नका, ही विनंती आहे कारण इथे व्हॉल्व्हपेक्षा पंप आणि इंजिन जास्त महाग आहे.

आधी तो वर चढणारा काटा घ्या, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. इंजिन जेवढं इंधन ओढतं तेवढं सगळं जाळत नाही, उरलेलं रिटर्नच्या पाइपने परत टाकीत जातं. तुमचा फीडचा व्हॉल्व्ह तेलावर जातोय पण रिटर्नचा डिझेलवरच अडकून बसलाय, म्हणजे इंजिन तेलाच्या टाकीतून ओढतं आणि उरलेलं तेल डिझेलच्या टाकीत सोडतं. म्हणून काटा वर. याचा अर्थ तुमच्या डिझेलच्या टाकीत आता शुद्ध डिझेल नाहीये, आणि तुम्ही सकाळी थंड इंजिन त्याच्यावरच स्टार्ट करताय. धूर आणि स्टार्टिंगचा त्रास बऱ्यापैकी तिथूनच आहे.

किती भेसळ झालीय ते बघायला टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत थोडं काढा, शेजारी पंपावरून आणलेल्या ताज्या डिझेलची तशीच बाटली ठेवा आणि दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तुमची बाटली जास्त गढूळ, जास्त घट्ट दिसली तर टाकी रिकामी करून डिझेलचा फिल्टर बदला. काढलेलं मिश्रण फेकायची गरज नाही, तेलाच्या टाकीत घालता येईल, तिथे ते गरम होऊनच जाईल.

यात एवढं घाबरायचं का, तर कारण सांगतो. डिझेलचा जाडपणा 40 अंशांवर साधारण 2 ते 4.5 सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) असतो, खाद्यतेल त्याच तापमानाला 30 ते 40 च्या घरात, म्हणजे जवळजवळ दहापट जाड. तेच तेल 70-80 अंशांपर्यंत तापवलं की बरंच पातळ होतं आणि म्हणून तर हे सगळं गरम टाकी, गरम पाण्याचे पाइप असं करतो आपण. थंड तेल पंपाला ओढायलाही जड आणि नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, मोठे थेंब पडतात, ते अर्धवट जळतात, रिंगांना आणि नोझलच्या टोकाला काजळी धरते आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथे ते ऑइल घट्ट व्हायला लागलं की इंजिन उघडायची वेळ येते. म्हणून डिपस्टिक आत्ताच ओढून बघा, पातळी वाढलेली वाटली किंवा ऑइल चिकट तारेसारखं वाटलं तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता व्हॉल्व्ह. आत फार काही नसतं, एक नळी, त्यात लोखंडी दांड्याचा तुकडा म्हणजे प्लंजर, एक स्प्रिंग आणि बाहेरून कॉइल. करंट दिला की कॉइल प्लंजर ओढते, करंट काढला की स्प्रिंग त्याला परत ढकलते. सेटिंग बरोबर केलेलं असेल तर करंट नसताना व्हॉल्व्ह डिझेलवर असतो, म्हणजे वायर तुटली फ्यूज उडाला तरी गाडी डिझेलवरच राहते. तुमचं तसंच आहे असं लक्षणांवरून वाटतंय, तरी एकदा खात्री करा, उलटं जोडलेलं असेल तर ते आधी सरळ करून घ्या.

आणि इथे एक उपयोगाची गोष्ट आहे. कॉइलची ओढ स्प्रिंगपेक्षा जास्तच असते, नाहीतर ती स्प्रिंग दाबूच शकली नसती. म्हणून व्हॉल्व्ह तेलावर जातो पण परत येताना कुरकुरतो असं असेल तर आत चिकटपणा आहे, करंटचा प्रॉब्लेम नाही, स्प्रिंग बिचारी एकटी ढकलतेय. आणि जातच नाही असं असेल तर दोन्ही शक्यता, चिकटपणा किंवा करंट. तुमच्याकडे दोन व्हॉल्व्ह आणि दोन्ही तऱ्हा दिसतायत त्यामुळे दोन्ही तपासा.

करंट आधी तपासा कारण त्यात काही उघडावं लागत नाही. इंजिन बंद, चावी ऑन, एकाला स्विच मारायला सांगा आणि तुम्ही व्हॉल्व्हवर बोट ठेवा. टक् असा आवाज आणि बोटाला हलका धक्का लागला तर प्लंजर हलतोय. नाही लागला तर मल्टीमीटर लावा, पण कनेक्टर जोडलेला असतानाच, लोडवर. कनेक्टर काढून मोजलं की सडकी वायरसुद्धा 12 व्होल्ट दाखवते आणि माणूस फसतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह आणि व्हॉल्व्हची अर्थिंग यांच्यामध्ये मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. आपल्याकडे किनारपट्टीला हे फार होतं, खारं वारं आणि वर चार महिने पाऊस, टर्मिनल हिरवे पडतात, रिलेचे पाय गंजतात, आणि दोष मात्र व्हॉल्व्हवर जातो. टर्मिनल घासून, नवीन लग लावून, वर थोडी व्हॅसलिन. करंट पूर्ण येतोय तरी टक् नाही, तर कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स बघा. 12 व्होल्टची 10 ते 15 वॅटची कॉइल असेल तर 10 ते 14 ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर काहीच दाखवत नाही म्हणजे कॉइल जळाली, तेव्हासुद्धा बऱ्याच व्हॉल्व्हना नुसती कॉइल बदलून मिळते.

कॉइल ठीक, करंट ठीक, तरी हलत नाही, म्हणजे आत चिकटलंय. आता कशाने चिकटलं ते बघायचं, कारण तेल दोन पद्धतीने अडकवतं आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. एक म्हणजे नुसतं थिजणं. पामचा जड भाग, चिकन तळल्यावर सुटलेली चरबी हे थंडीत थिजतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा 20 च्या आसपास येतो आणि आत सत्तरी-सांगे बाजूला अजून खाली, तेवढं पुरतं. हे ओळखायला सोपं, व्हॉल्व्हभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, पाच-दहा मिनिटांत टक् आवाज आला तर थिजलेलंच होतं. फक्त फडकं किंवा हेअर ड्रायर, ज्योत कधीच नाही, गॅसचा ब्लो-टॉर्च तर मुळीच नाही, आजूबाजूला डिझेलचे पाइप आहेत.

दुसरं म्हणजे गोंद धरणं. तेलाचा पातळ थर हवेत आणि उष्णतेत राहिला की तो हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत जुळत जातो, आधी चिकट, मग पिवळसर लाखेसारखा कडक. कढईच्या बाहेरून जो घासूनही न निघणारा थर बसतो तो हाच. हा गरम करून वितळत नाही. कुठलं तेल किती लवकर गोंद धरेल हे त्याच्या आयोडीन आकड्यावरून कळतं. खोबरेल 6 ते 11, पाम 50 च्या आसपास, शेंगदाणा 90 च्या आसपास, आणि सूर्यफूल-सोयाबीन 120 च्याही वर. आकडा जितका मोठा तितका गोंद लवकर. तुमच्या मिक्समधलं पाम थिजतं आणि सूर्यफूल गोंद धरतं, आणि गाडी मेमध्ये उभी केली तेव्हा व्हॉल्व्हमध्ये तेल राहिलं असणार, ते चार-पाच महिने तसंच वाळत बसलं. त्यात व्हॉल्व्ह पितळेचा असेल तर तांबं ही क्रिया अजून वाढवतं. माझा अंदाज तुमच्याकडे गोंदच आहे, कारण ऑक्टोबरात थिजण्याएवढी थंडी नसते.

उघडायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, पाइपना रंगाचे ठिपके लावा कुठला कुठे ते कळायला, मोबाईलवर फोटो काढा. कॉइल वरून सरकून निघते, मग नळी स्पॅनरने सोडा, पकडीने नाही, नळी पातळ असते आणि चेपली की प्लंजर कायमचा अडकला. प्लंजर, स्प्रिंग, ओ-रिंग असं ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडा. ओ-रिंग आणि सगळं रबर आधी बाजूला करा, हे अगदी महत्त्वाचं, कारण गोंदाला डिझेल किंवा रॉकेल काही करत नाही, त्याला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागतं आणि अ‍ॅसिटोन रबर फुगवून टाकतं, नायट्राइलचं असो की व्हिटॉनचं. धातूचे भाग झाकणाच्या डब्यात थिनरमध्ये तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. मोकळ्या हवेत करा, विडी-सिगारेट लांब. सँडपेपर, तारेचा ब्रश नको, प्लंजरवर एक ओरखडा पडला की तिथेच पुढचा गोंद धरतो. काही जण कॉस्टिक सोड्यात टाकतात, गोंद निघतो खरा पण बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती सोडाच खाऊन टाकतो आणि हायड्रोजन सुटतो तो वेगळाच, म्हणून मी तो रस्ता सुचवत नाही.

प्लंजरच्या तळाशी बारीक कण सापडले तर तो बहुतेक मासळीचा रवा. आपल्याकडच्या शॅकच्या तेलात तो असतोच, रवा लावून तळलेला बांगडा म्हटल्यावर दुसरं काय होणार. साध्या कापडातून तो जातो. तेल ड्रममध्ये एकदोन आठवडे न हलवता ठेवा, वरचं वरचं काढा, तळाचं घेऊ नका, आणि शेवटी 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडा. पाण्यासाठी घरगुती टेस्ट पुरते, तापलेल्या तव्यावर चमचाभर तेल टाका, तडतडलं तर पाणी आहे, ते तेल अजून बसू द्या. पाणी राहिलं तर प्लंजर गंजतो आणि गंज गोंदापेक्षा वाईट, गंजाने खड्डे पडलेला प्लंजर मात्र बदलायचाच, तिथे गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर.

बसवताना ओ-रिंग नव्या घाला आणि व्हिटॉनच्या घाला, साध्या रबराच्या तेलात फुगतात. टेफ्लॉन टेप वापरू नका, तिचे धागे सुटून व्हॉल्व्हच्या सीटवर किंवा थेट पंपात जातात, त्यापेक्षा रबर चिकटवलेले वॉशर घ्या. गाडीवर चढवण्याआधी टेबलावर तपासा. तेलाच्या तोंडाला एक नळी लावून फुंका आणि बाहेर पडणारं तोंड डिझेलच्या ग्लासात बुडवून ठेवा. करंट नसताना एकही बुडबुडा यायला नको. आला तर सीट नीट बसत नाहीये आणि उभ्या गाडीत तेल हळूहळू डिझेलकडे झिरपत राहील. मग 12 व्होल्ट द्या, आता भरपूर बुडबुडे यायला हवेत.

गाडीवर बसवल्यावर हवा काढायला विसरू नका, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने, फेस थांबेपर्यंत. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप घालून ठेवलात तर फार बरं, कारण ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर दिसत नाही, तेल बाहेर येत नाही हवा आत जाते, जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो आणि इंजिन मात्र आचके देतं. त्या पाइपात बुडबुडे दिसले की कळतं.

आणि आता मुख्य सवय. गाडी बंद करायच्या आधी डिझेलवर आणून पाइप धुऊन काढायचे. किती वेळ, ते हिशेबाने काढता येतं. 8 मिलिमीटरच्या पाइपात दोन मीटरला साधारण 100 मिली तेल मावतं. जीप तासाला 4 लिटर जाळत असेल तर मिनिटाला 65-70 मिली, म्हणजे दीड-दोन मिनिटं. पण दोन्हींना एकच फिल्टर असेल तर फिल्टरमध्ये अर्धा लिटर तेल असतं आणि मग आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणून दोन वेगळे फिल्टर असणं चांगलं. घराच्या वळणावर आल्यावर स्विच मारायची सवय इथे चालणार नाही, कोलवाळच्या पुलापासूनच मारा. मेमध्ये शॅक उठायला लागले की शेवटची टाकी संपवा, अर्धा-एक तास डिझेलवर चालवा, मध्ये दोनतीनदा स्विच मारून व्हॉल्व्ह हलवा म्हणजे आतलं तेल डिझेलने धुऊन निघेल, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून तसंच करा.

गाडीत दोन क्लॅम्प आणि दोन पाइप जोडायचा एक जॉइंट कायम ठेवा. वाटेत फीड तेलावर अडकलं तर इंजिन गरम आहे तोवर चालत राहील, घरी किंवा गॅरेजपर्यंत आणा, आणि बंद करण्याआधी डिझेलचा पाइप व्हॉल्व्हला वगळून थेट फिल्टरला जोडा.

प्रश्न : आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी ओढायला जुनं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. घरचंच खोबरेल भरपूर असतं, जुनं झालेलं, खवट, ते आम्ही डिझेलवर इंजिन गरम करून मग वापरतो. इलेक्ट्रिक काही नाही, हाताने फिरवायचा तीन तोंडांचा पितळी कॉक आहे. थंडीत तो हलतच नाही, पान्याने जोर लावला तर मूठ तुटायची भीती वाटते.
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : जोर लावू नका, बरोबर भीती वाटते तुम्हाला. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं आणि सत्तरीत थंडीतली सकाळ त्याच्या खालीच असते, त्यामुळे तुमचा कॉक बिघडलेला नाही, आत खोबरेल गोठलंय. वर म्हटल्याप्रमाणे खोबरेल गोंद धरायला सगळ्यात हळू, म्हणजे तुमचं काम पेडण्याच्या वाचकापेक्षा सोपं आहे. किटलीभर गरम पाणी कॉकवर ओता, फिरेल.

कायमचा उपाय म्हणजे कॉक इंजिनाच्या गरम भागाजवळ आणा. बहुतेक ठिकाणी तो सोयीसाठी टाकीखाली बसवलेला असतो, तिथे तो सगळ्यात थंड. इंजिनाचं कूलिंगचं गरम पाणी बाहेर पडतं त्या पाइपाला कॉक आणि तेलाचा पाइप लागून बांधा, वरून गोणपाट गुंडाळा, सायलेन्सरला मात्र लावू नका, तिथे तेल जळतं. आणि रोज काम संपताना शेवटची पाच-सात मिनिटं डिझेलवर चालवून मग बंद करा, म्हणजे रात्री कॉकमध्ये डिझेलच राहील, जे गोठत नाही आणि सकाळी मूठ आपसूक फिरते. जोडायला गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरलाय का बघा. खवट तेलात आम्ल जास्त असतं, ते जस्ताशी मिळून साबण तयार करतं आणि तो पांढरा साबण फिल्टर बंद करतो. साधा लोखंडी किंवा स्टीलचा पाइप घाला. पितळी कॉक खोबरेलला चालून जाईल, पण सहा महिन्यांनी उघडून पुसत जा, हिरवट चिकट दिसलं तर स्टीलचा घ्या.

तुमच्यासारखी इंजिनं तेलावर चालतात यात नवल काही नाही हो, 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो नावाच्या इंजिन कंपनीने छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, खुद्द रुडॉल्फ डिझेलने नंतर ते लिहून ठेवलंय.

प्रश्न : हे सगळं वाचून माझ्या नवीन बीएस-6 डिझेल गाडीलाही दुसरी टाकी बसवावीशी वाटते. भाऊंचं हॉटेल आहे, तेल फुकट मिळेल. करू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. नव्या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना जोरदार दाबाने इंधन देणारी एकच नळी असते, 1500-2000 बारपर्यंत दाब, नोझलची भोकं केसाएवढी, आणि धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर. खाद्यतेल या तिन्हींना मारतं. जुन्या प्युजोसारख्या, सिलिंडरच्या आधीच्या छोट्या खोलीत फवारा मारणाऱ्या इंजिनांना हे झेपतं, तुमच्या गाडीला नाही, आणि वॉरंटीही जाईल. शिवाय आरसीवर इंधन डिझेल लिहिलेलं असतं आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मनाई आहे, त्यामुळे जुनी गाडी असली तरी हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. (पेडण्याच्या वाचकांनीही हे केलं नसेल तर करून घ्यावं.)

भावाच्या तेलाबद्दल मात्र सांगायचंय. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने 1 जुलै 2018 पासून टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तेलात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल परत तळायला वापरता येत नाही, आणि रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या हॉटेलांना त्याची नोंद ठेवावी लागते. त्याच वर्षी रुको नावाची योजना सुरू झाली, त्यात मान्यता असलेले लोक असं तेल गोळा करून बायोडिझेलला देतात. त्या तेलाचं रीतसर बायोडिझेल झालं की ते जवळजवळ डिझेलइतकं पातळ होतं, नव्या इंजिनांना ठरावीक प्रमाणात मिसळून चालतं, आणि असं तेल गाड्यावरच्या भजीच्या कढईत परत जाण्यापेक्षा तिकडे गेलेलं शंभरपट चांगलं. भावाला गोळा करणाऱ्याची पावती मागून फाईलला लावायला सांगा, तपासणीला ती दाखवावी लागते.